विद्यापीठ ग्रंथालयातील सुगम्य वाचन कक्ष : यंत्रे पुरेशी, वाचण्याजोगा मराठी मजकूर अपुरा

दृष्टिहीन आणि अल्पदृष्टी विद्यार्थ्यांसाठी एखाद्या ग्रंथालयाने केलेली सोय कितपत उपयोगाची आहे, हे ठरवताना मी यंत्रांची यादी सर्वांत शेवटी पाहते. त्याआधी मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. कपाटातले मराठी पुस्तक मागितल्यापासून ते कानाने किंवा बोटांनी वाचता येईल अशा रूपात हाती येईपर्यंत किती काळ जातो, आणि आलेला मजकूर प्रबंधात आधार म्हणून देता येईल इतका अचूक असतो का. ज्या सुगम्य वाचन कक्षाविषयी येथे लिहीत आहे, तो महाराष्ट्रातील एका मोठ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. ग्रंथालयाचे नाव देत नाही, कारण पुढे येणाऱ्या बहुतेक उणिवा इतर विद्यापीठांत शिकणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनीही सांगितलेल्या आहेत आणि एकाच ठिकाणाकडे बोट दाखवणे अन्यायाचे होईल. मी ग्रामीण सहकारी पतपुरवठ्याच्या इतिहासावर संशोधन करते. रेटिनायटिस पिग्मेंटोसा या डोळ्यांच्या पडद्याच्या आजारामुळे माझी नजर हळूहळू आक्रसत गेली. मोठ्या टाइपापासून भिंगापर्यंत, भिंगापासून पडद्यावरच्या ठळक अक्षरापर्यंत आणि आता जवळजवळ पूर्णपणे श्रवणवाचनापर्यंत मी आले आहे. त्यामुळे कक्षातील बहुतेक साधने मी कधी ना कधी गरजेपोटी वापरली आहेत.

इमारतीबद्दल थोडक्यात सांगते. प्रवेशद्वाराशी रॅम्प आहे आणि त्याचा चढ नियमात सांगितल्याप्रमाणे बारास एक या प्रमाणाच्या जवळपास असावा, कारण चाकाची खुर्ची वापरणारी माझी मैत्रीण तो कोणाच्या मदतीशिवाय चढते. मात्र कक्ष पहिल्या मजल्यावर, लांब मार्गिकेच्या टोकाला आहे आणि लिफ्टची किल्ली शिपायाकडे असते. शिपाई जेवायला गेलेला असेल तर तो परत येईपर्यंत रॅम्पचा काही उपयोग उरत नाही. त्याहून मोठी अडचण वेळेची आहे. मुख्य वाचनालय रात्री उशिरापर्यंत उघडे असते, पण हा कक्ष कार्यालयीन वेळ संपताच बंद होतो. दिवसभर तासिका असलेल्या विद्यार्थ्याने तेथे वाचायचे केव्हा, याचे उत्तर ग्रंथालयाने द्यायला हवे. यासाठी पैसा लागत नाही. मुख्य वाचनालयातल्या दोन संगणकांवर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी आज्ञावली) बसवून दिला आणि हेडफोन देवघेव विभागातून मिळण्याची व्यवस्था केली, तरी हा प्रश्न बराचसा सुटेल.

कक्षात आठ-दहा संगणक आहेत. काहींवर जॉज आहे, सर्वांवर एनव्हीडीए आहे. जॉज हा जुना आणि समर्थ स्क्रीन रीडर आहे. त्याची पहिली आवृत्ती १९८९ मध्ये डॉस प्रणालीसाठी निघाली. तो महाग आहे आणि पुढील आवृत्त्यांसाठी पुन्हा पैसे मोजावे लागतात, त्यामुळे एकदा अनुदानातून घेतलेली प्रत वर्षानुवर्षे तशीच राहते आणि भोवतालचे ब्राउझर बदलत जातात, हे अनेक ग्रंथालयांत दिसते. एनव्हीडीए या दुसऱ्या स्क्रीन रीडरचे काम मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ मध्ये सुरू केले, पुढे जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र त्यात आला, आणि आज तो जगभर विनामूल्य वापरला जातो. विद्यापीठ ग्रंथालयासाठी निवड करायची झाली तर मी निःसंकोचपणे एनव्हीडीए सुचवेन. तो फुकट आहे हे कारण तर आहेच, पण महत्त्वाचे कारण वेगळे आहे : जे साधन विद्यार्थी कक्षात शिकतो, तेच त्याला घरच्या संगणकावर आणि पुढे नोकरीच्या जागी वापरता येते. तो पेनड्राइव्हवर घालून कोणत्याही विंडोज संगणकावर चालवता येतो, ही सोय सायबर कॅफेतून अर्ज भरणाऱ्या मुलांसाठी फार मोलाची आहे.

आता मराठी आवाजाविषयी. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक एनजी या, मजकुराचे आवाजात रूपांतर करणाऱ्या, आज्ञावलीत मराठी आहे. त्याचा आवाज कोरडा, धातूच्या पत्र्यासारखा वाटतो आणि नवीन विद्यार्थी पहिल्याच दिवशी त्याला कंटाळतात. परंतु सरावानंतर तो इतक्या वेगात ऐकता येतो की शेकडो पानांतून हवा तो परिच्छेद शोधायला त्याच्यासारखा साथीदार नाही. कक्षातल्या काही संगणकांवर मराठी आवाज निवडलेलाच नाही, त्यामुळे विंडोजमधील हिंदी आवाज मराठी मजकूर वाचतो. तो समजतो, पण त्यातला मराठीपणा जातो. मराठी आवाजांनाही मर्यादा आहेत. आपल्या च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपीत ते वेगळे दाखवलेले नसतात. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला फरक आपल्याला शिकवावा लागत नाही, यंत्राला तो प्रत्येक शब्दागणिक शिकवावा लागतो. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीची पुस्तके वाचताना तर आणखी वेगळा अनुभव येतो. त्या काळच्या ‘केलें’, ‘त्यांत’, ‘घरीं’ अशा शब्दांवरचे अनुच्चारित अनुस्वार डोळ्यांनी वाचणारा सहज ओलांडून जातो, पण यंत्र ते इमानाने नाकातून उच्चारते. जुन्या अहवालांचे पानच्या पान असे ऐकायला कान तयार व्हावा लागतो. मला आता त्याची सवय झाली आहे आणि त्या उच्चारावरून पुस्तकाचा काळही अंदाजाने कळतो.

अल्पदृष्टी विद्यार्थ्यांसाठी टेबलावरचा व्हिडिओ मॅग्निफायर आहे आणि तो कक्षातला सर्वांत दुर्लक्षित पण उत्तम घटक आहे. सरकत्या पाटावर पुस्तक ठेवायचे, वरचा कॅमेरा ते पडद्यावर हवे तितके मोठे करून दाखवतो, आणि पांढऱ्यावर काळे अक्षर डोळ्यांना बोचत असेल तर काळ्यावर पिवळे करता येते. ज्यांची थोडी नजर शिल्लक आहे त्यांना नकाशा, आलेख, हस्तलिखितातील खाडाखोड स्वतः पाहता येते. हे सुख कोणताही आवाज देऊ शकत नाही. माझी मध्यवर्ती दृष्टी टिकून होती तोपर्यंत मी सहकारी संस्थांचे जुने ताळेबंद याच यंत्राखाली वाचले. यंत्र मात्र खिडकीसमोर ठेवलेले आहे आणि दुपारनंतर पडद्यावर उजेडाची तिरीप येते. जागा बदलावी, अशी विनंती केली होती. अजून बदललेली नाही.

येथवर जे सांगितले ते अनेक ग्रंथालयांत कमीअधिक मिळते. खरी परीक्षा सुरू होते ती मराठी पुस्तक मागितल्यावर, आणि येथे प्रश्न तीन तऱ्हांचे आहेत.

पहिला प्रश्न जुन्या फॉन्टांचा. विद्यापीठांतले मराठी प्रबंध, विभागांनी काढलेली टिपणे, परीक्षांचे जुने प्रश्नसंच यांचा मोठा भाग युनिकोड (सर्व लिप्यांची अक्षरे साठवण्याची एकसमान पद्धत) येण्यापूर्वीच्या फॉन्टांत टंकलेला आहे : श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी आणि तत्सम. पडद्यावर ते पान स्वच्छ देवनागरीत दिसते, म्हणून विभागातल्या कोणालाही त्यात काही बिघाड आहे असे वाटत नाही. परंतु संगणकाच्या पोटात देवनागरी नसतेच. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द प्रत्यक्षात ई, जे, के, बी, एच या रोमन अक्षरांनी साठवलेला असतो आणि स्क्रीन रीडर तोच निरर्थक अक्षरसमूह वाचून दाखवतो. अशा फायली युनिकोडमध्ये बदलणारी परिवर्तके आहेत, पण या फॉन्टांत अक्षरे दिसण्याच्या क्रमाने लिहिलेली असतात. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. परिवर्तकाला हा क्रम उलटा करावा लागतो आणि जोडाक्षर आले की तो अडखळतो. एकाच फॉन्टाच्या दोन कुळांची सांकेतिक रचना वेगळी असली तर गोंधळ आणखी वाढतो. आमच्या कक्षातील साहाय्यकांनी यावर शोधलेला उपाय मला फार पसंत पडला. ते अशी फाईल परिवर्तकातून काढण्याच्या भरीस पडत नाहीत; तिची पाने चित्ररूपात बदलतात आणि त्यावर ओसीआर (चित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणारे तंत्र) चालवतात. टंकलेले अक्षर सुबक असल्यामुळे ओसीआर ते छान ओळखते आणि परिवर्तकाने घातलेला गोंधळ निस्तरण्यापेक्षा वेळ कमी लागतो.

दुसरा प्रश्न ओसीआरच्या अचूकतेचा. टेसरॅक्ट हे मुक्त साधन आणि गूगल ड्राइव्हमधील ओसीआर, दोन्ही मराठी ओळखतात, आणि किबोसारखी वरून कॅमेरा असलेली वाचनयंत्रे छापील मराठी पान समोर ठेवताच ते वाचून दाखवतात. दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत ही प्रगती इतकी मोठी आहे की ज्यांनी तो काळ पाहिला त्यांनाच तिची किंमत कळेल. नव्या, नीट छापलेल्या पुस्तकासाठी हे पुरेसे आहे. जुन्या पुस्तकांत मात्र कागद पिवळा पडलेला असतो, खिळ्यांची छपाई पुसट असते आणि बांधणीजवळ ओळी वळतात. तेथे घ आणि ध, भ आणि म, ष आणि प यांची अदलाबदल होते, ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’ यांसारख्या शब्दांतील अर्धा र मोडतो, अनुस्वार गळतात. अक्षर चुकले तर वाक्यावरून बहुधा सावरता येते. आकडा चुकला तर सावरायला काहीच आधार नसतो. कर्जाच्या रकमेतील १ चा ९ झाला तर ते वाक्य ऐकताना पूर्णपणे सुसंगत वाटते. म्हणून संशोधकासाठी केलेल्या मजकुरातील आकडे एका डोळस माणसाने मूळ पानाशी ताडून पाहिलेच पाहिजेत. तक्त्यांचेही तसेच. एनव्हीडीएमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि बाणाच्या कळा वापरून तक्त्याच्या एका घरातून दुसऱ्या घरात जाता येते आणि प्रत्येक वेळी स्तंभाचे शीर्षकही ऐकू येते, पण त्यासाठी तो मजकूर खरोखरच तक्ता म्हणून बांधलेला असावा लागतो. ओसीआर तक्ता सपाट करून टाकते आणि मग आकड्यांची एक लांबलचक ओळ कानावर पडते, जिच्यात कोणता आकडा कोणत्या वर्षाचा हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

तिसरा प्रश्न पृष्ठक्रमांकांचा, आणि तो डोळस माणसांच्या क्वचितच लक्षात येतो. मजकूर ‘साफ’ करताना स्वयंसेवक बहुधा प्रत्येक पानावर पुन्हा येणारे शीर्षक आणि पृष्ठक्रमांक काढून टाकतात, कारण ऐकताना ते मध्ये मध्ये टोचतात. हेतू चांगला असतो. पण पृष्ठक्रमांक गेला की ते पुस्तक माझ्यासाठी केवळ ऐकण्यापुरते राहते. त्याचा संदर्भ मी प्रबंधात देऊ शकत नाही. डेझी आणि ईपब या डिजिटल पुस्तकांच्या स्वरूपांत पृष्ठखुणा वेगळ्या नोंदवण्याची सोय आहे. ऐकणाऱ्याला हव्या तेव्हा त्या ऐकता येतात, नको तेव्हा बंद ठेवता येतात. साध्या वर्ड फायलीतही पृष्ठक्रमांकाला ठरावीक पातळीचे शीर्षक दिले तर एका कळीने पानोपानी उडी मारता येते. हे एकदा समजावून सांगितल्यावर आमच्या कक्षाने ते कायमचे अंगीकारले आणि तळटीपाही आता वाक्याच्या मधोमध न येता प्रकरणाच्या शेवटी एकत्र येतात.

हे सर्व ज्यांच्यामुळे घडते ते साहाय्यक कंत्राटी आहेत आणि एकटे आहेत. पुस्तक मागितले की ते विचारतात, “ताई, आधी कोणतं प्रकरण हवंय? तेवढं पहिल्यांदा तपासून देतो.” एवढ्या एका प्रश्नाने माझे किती काम वाचते हे सांगणे कठीण आहे, कारण तीनशे पानांचे पुस्तक पूर्ण होईपर्यंत थांबण्याऐवजी मी हवे ते प्रकरण त्याच आठवड्यात वाचू शकते. राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थी त्यांना मदत करतात; या विद्यार्थ्यांना साहाय्यक ताडून पाहण्याची पद्धत शिकवतात, छायाचित्राचे वर्णन कसे लिहावे हेही सांगतात : आधी काय आहे, मग कुठे आहे, आणि आपले मत शेवटपर्यंत नाही. साहाय्यक रजेवर असतात तेव्हा कक्ष उघडा असतो, संगणक चालू असतात, आणि तरीही नवे पुस्तक कोणालाही मिळत नाही. या पदाला कायमस्वरूपी मान्यता आणि जोडीला आणखी एक माणूस, ही या कक्षाची सर्वांत निकडीची गरज आहे. विद्यापीठाने पुढचा निधी नव्या यंत्रांवर खर्च करण्यापूर्वी याचा विचार करावा, असे मी आग्रहाने म्हणेन.

कॉपीराइटच्या भीतीबद्दल लिहिणे भाग आहे. ग्रंथालयाच्या दुसऱ्या एका विभागाने दुर्मीळ नसलेले, साधे पुस्तक स्कॅनसाठी देताना कायद्याकडे बोट दाखवून नकार दिला होता. कायदा याच्या नेमका उलट आहे. २०१२ च्या दुरुस्तीने भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये एक पोटकलम आले आणि त्यानुसार दिव्यांग व्यक्तीला वाचता यावे म्हणून कोणत्याही कृतीचे सुगम्य स्वरूप तयार करणे, ते दिव्यांग व्यक्तीला खासगी वापरासाठी, शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी देणे हा स्वामित्वभंग ठरत नाही. प्रत नफ्यासाठी नसावी आणि ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापुरतीच राहावी, एवढीच अपेक्षा आहे. मुद्रित मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठीचा माराकेश करार २०१३ मध्ये झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश होता. इतकी भक्कम बाजू असताना ग्रंथालयातल्या कोणालाही नकार द्यावा असे वाटू नये. कक्षाच्या दारावर आणि देवघेव विभागात या तरतुदीचा मराठी मजकूर लावावा, ही सूचना मी लेखी दिली आणि ग्रंथपालांनी ती तत्काळ मान्य केली.

कक्षातून सुगम्य पुस्तकालयाचे सदस्यत्व मिळवून देतात, ही सेवा मला फार चांगली वाटली. २४ ऑगस्ट २०१६ रोजी सुरू झालेले हे ऑनलाइन ग्रंथालय केंद्र सरकारच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने डेझी फोरम ऑफ इंडिया या संस्थेच्या सहकार्याने उभे केले. एका संस्थेने सुगम्य केलेले पुस्तक दुसऱ्या संस्थेने पुन्हा पहिल्यापासून करू नये, ही त्यामागची कल्पना आहे आणि ती अत्यंत योग्य आहे. ललित आणि अभ्यासक्रमाची पुस्तके शोधणाऱ्याने आधी तेथे पाहावे. संशोधनासाठी लागणारे जुने मराठी ग्रंथ मात्र ज्यांच्या कपाटांत ते आहेत त्या विद्यापीठांनीच करून तेथे पोहोचवले पाहिजेत. आमच्या कक्षात तयार झालेल्या फायली सध्या कक्षातल्याच एका संगणकावर राहतात, आणि नांदेडच्या किंवा कोल्हापूरच्या एखाद्या विद्यार्थ्याला तेच पुस्तक हवे असेल तर त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. तपासलेली फाईल पुढे पाठवण्याची जबाबदारी कोणा एकाला नेमून द्यावी लागेल.

ब्रेलचा विभाग लहान आहे. कागदावर ब्रेल उठवणारा एक एम्बॉसर आहे आणि टिंबे वरखाली करून ब्रेल अक्षरे दाखवणारे २० घरांचे ऑर्बिट रीडर हे यंत्र घरी नेता येते. या यंत्राच्या टिंबांची उघडझाप थोडी सावकाश होते आणि आवाजही करते, परंतु महागड्या ब्रेल डिस्प्लेंच्या तुलनेत ते पुष्कळ स्वस्त आहे आणि अक्षरावर बोट ठेवून शुद्धलेखन तपासण्याची सोय देते. श्रवणावर वाढलेल्या मुलांचे ऱ्हस्वदीर्घ कच्चे राहते, कारण यंत्राच्या आवाजात पहिली आणि दुसरी वेलांटी नेहमी वेगळी ऐकू येत नाही. ब्रेलमध्ये ती बोटाला स्वच्छ वेगळी लागते. मराठी विषय घेऊन शिकणाऱ्या प्रत्येक दृष्टिहीन विद्यार्थ्याला हे यंत्र किमान एका सत्रासाठी मिळायला हवे. सध्या मागणी जास्त आणि यंत्रे मोजकीच आहेत.

कक्षाच्या नावात ‘दिव्यांग’ शब्द असला तरी सोयी मुख्यतः दृष्टिहीनांसाठीच आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वे मोजली आहेत आणि अध्ययन अक्षमता त्यांत आहे. वाचताना ओळ निसटणाऱ्या विद्यार्थ्याला, मजकूर ऐकत असताना तोच शब्द पडद्यावर उजळणारी साधने फार उपयोगी पडतात. तीच फाईल, तोच संगणक त्याला चालतो, पण आपण येथे यायचे असते हे त्याला कोणी सांगितलेले नसते. कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी ग्रंथालयाची ओळख करून देणारी चित्रफीत आहे. तिला मराठी उपशीर्षके नाहीत आणि सांकेतिक भाषेतील निवेदनही नाही. हा भाग अगदीच अपुरा आहे.

नव्याने नाव नोंदवणाऱ्यांनी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) किंवा अपंगत्वाचे प्रमाणपत्र, स्वतःचे इअरफोन आणि एनव्हीडीए घातलेला पेनड्राइव्ह सोबत न्यावा. नेमलेल्या पुस्तकांची यादी, हव्या असलेल्या आवृत्तीसह आणि शक्य असेल तर दाखल क्रमांकासह, प्रवेश पक्का होताच द्यावी, कारण परीक्षेच्या तोंडावर स्कॅनिंगची रांग वाढते आणि लेखनिकांच्या अर्जांचे कामही त्याच टेबलावर येते. यादी देतानाच पृष्ठक्रमांक हवेत का, तक्ते तक्त्याच्याच रूपात हवेत का आणि कोणते प्रकरण आधी हवे आहे, हे लिहून द्यावे.